दारावरची पाटी आणि एकशे चव्वेचाळीस पेट्या

...म्हणजे बघा, पाटी दारावर लावायची आणि तोंड बंद ठेवायचं, हा आमच्या घरातला नियम, आणि त्याच्यावर प्रश्न विचारायचा नाही! जेवणाआधी प्रार्थना का करायची, असं विचारलंत तर आजोबा एखाद्या वेळेस उत्तर देतील. पण पाटी का? नाही विचारायचं. पाटी कसली, तर लोहचुंबकाची, ताटाएवढी, पांढऱ्यावर काळी अक्षरं, 'भाड्याची गाडी नाही'. पिकअपच्या दोन्ही दारांना एकेक चिकटवायची, मग आजोबा तिच्यावर तळहाताने दोन थापा मारणार, घोड्याच्या मानेवर मारतात तशा, आणि म्हणणार, झालं, आता आपल्याला कोणी हात लावत नाही. चाळीस वर्षं हेच! मागे चाळीस फुटी ट्रेलर, ट्रेलरवर मधमाश्यांच्या एकशे चव्वेचाळीस पेट्या, वर जाळी, आणि हे सगळं दर हिवाळ्यात माश्यांना ऊब मिळावी म्हणून नॉर्थ डकोटाहून टेक्सासला कोण नेणार, तर दोन चुंबकं. आणि वजनकाटा आला की समोर बघायचं. हायवेला फाटा फुटतो, तिथली सरकारी पाटी म्हणते सगळ्या मालगाड्यांनी आत वळा, तिथे आमचं कुटुंब गेली चाळीस वर्षं समोर बघतं.

तुम्हाला सांगते, मी काही अडाणी नाही. फार्गोला चार वर्षं कीटकशास्त्र शिकले, सहा पायांच्या प्राण्यांवर शंभर पानं लिहिली, आणि घरी परत आले ती या माश्यांसाठी. माझ्या बाबांना माशी चावली की त्यांचा चेहरा भोपळ्याएवढा होतो, म्हणून ते गावात विमा विकतात. उरले डेलबर्टकाका, त्यांना माश्या चावत नाहीत पण आवडतही नाहीत. त्यांच्या हाती पेट्या गेल्या तर ते विकून टाकतील आणि बर्फावर मासे पकडायला चाकांचं घर घेतील, हे त्यांनी स्वतःच सांगितलंय, लपवलेलं नाही. आणि एल्व्हेराआत्या. आत्याबद्दल नंतर सांगते, कारण आमच्याकडे आत्याबद्दल सगळं नंतरच असतं.

तर या हिवाळ्याआधी आजोबांनी, म्हणजे राइनहोल्ड आजोबांनी, जेवणाच्या टेबलावर चमचा खाली ठेवला आणि जाहीर केलं की माझं वय झालं, आता जो कोणी पेट्या टेक्सासला नेईल, पेट्या त्याच्या. काकांच्या खांद्याचं ऑपरेशन झालेलं, हात गळ्यात. आजोबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, त्यांना समोरचा ट्रक दिसतो पण किती समोर ते कळत नाही. म्हणजे स्टिअरिंग कोणाकडे? माझ्याकडे! एकशे चव्वेचाळीस पेट्या! त्यातल्या अर्ध्या राण्या मी माझ्या हाताने वाढवलेल्या!

आणि तरीही मी विचारलं. विचारायचं नसतं ते विचारलं. म्हटलं आजोबा, पिकअपच्या दारात जो पत्रा ठोकलाय त्यावर भरल्या गाडीचं जास्तीत जास्त वजन लिहिलंय, चौदा हजार पौंड. ट्रेलरच्या पत्र्यावर चोवीस हजार. झाले अडतीस. सव्वीस हजारांच्या वर गेलं, आणि धंद्याचा माल असला, की मोठ्या ट्रकवाल्यांचं लायसन लागतं, अ वर्गाचं, मी नियमाचं पुस्तक वाचलंय. आजोबा म्हणाले, पाटी आहे ना? काका म्हणाले, अगं पण त्याच्यात ट्रक कुठे आहे, पिकअप आहे, पिकअपला ट्रकचं लायसन कुठल्या देशात लागतं, मग उद्या सायकलला विमानाचं मागशील. आजोबा म्हणाले, आपण शेतकरी आहोत, शेतकऱ्याला माफी असते. मी म्हटलं, असते, पण शेतापासून दीडशे मैलांपर्यंत. आजोबा म्हणाले, हे बघ, चार वर्षं कॉलेजात घालवलीस ती माश्यांना लायसन काढायला का? चालवायची नसेल तर सांग, डेलबर्ट एका हाताने चालवेल.

बघा म्हणजे! आता एका हाताचे डेलबर्टकाका आणि माझ्या राण्या... मी पाटी लावली. तोंड बंद केलं. दोन थापासुद्धा मारल्या. लाज वाटते सांगायला, पण मारल्या.

तर निघालो. मी स्टिअरिंगवर, शेजारी आजोबा सूर्यफुलाच्या बिया फोडत, सालं कागदी कपात टाकत, मागच्या सीटवर काका खांदा धरून, आणि आमच्या मागून आत्या तिच्या छोट्या गाडीत. आत्याचं काम सँडविचं. सँडविचं, थर्मासमध्ये बटाट्याचं आणि पिठाच्या गोळ्यांचं सूप, आणि हिरव्या जेलीचं एक भांडं जे कोणी खात नाही पण दर वर्षी टेक्सासला जातं. एक मुक्काम करून आम्ही कॅन्सस अर्धं ओलांडलं. सकाळचे अकरा, ऑक्टोबर संपत आलेला पण ऊन असं की डोळे मिटावेत. आत्या पेट्रोल भरायला मागे थांबली होती. आणि वजनकाटा आला.

मी समोर बघितलं. आजोबांनी समोर बघितलं. काकांनी तर डोळेच मिटले. फाटा गेला. मागे पडला. आणि मग आरशात दिवे.

म्हटलं, आजोबा, मागे दिवे लागलेत. ते म्हणाले, समोर बघ. म्हटलं, निळे आहेत. तर म्हणाले, समोर बघ म्हटलं ना! अहो समोर किती बघायचं? समोर मेक्सिको आहे! शेवटी मी गाडी कडेला घेतली, आणि खाली उतरून आली ती हॅस्किन बाई. वजनकाट्यावरची तपासनीस. माझ्या खांद्याला लागेल एवढी उंची, डोक्यावर तिच्यापेक्षा मोठी टोपी, नाकाला पांढरं मलम चोपडलेलं. त्या घटकेला मला वाटलं, हिच्यासारखी दुष्ट बाई या पृथ्वीवर नसेल. आज म्हणते, हॅस्किन बाईचं भलं होवो!

तिने आम्हाला वळवून काट्याच्या आवारात नेलं आणि आधी पाटी वाचली. मोठ्याने वाचली. मग आजोबांना विचारलं की हे काय आहे. आजोबांनी तिच्याकडे असं बघितलं, जणू बाईला वाचता येतं पण समजत नाही. म्हणाले, भाड्याची गाडी नाही. ती म्हणाली, मग मध घरी खाता का सगळा? आजोबा म्हणाले, सगळा कसा खाऊ, शंभर पिंपं असतो, विकतो. आणि बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. मला दिसलं ते लक्षात येताना. बी दातात तशीच राहिली.

"आजोबा, ही पाटी सांगते की तुम्ही दुसऱ्या कोणाचा माल ओढत नाही," हॅस्किन बाई म्हणाली. "मी विचारतेय तुमची गाडी केवढी आहे."

मग शेतकऱ्याची माफी निघाली. तिने विचारलं, शेत किती लांब? साडेसहाशे मैल. तिने ते लिहून घेतलं. मग काका मागून पुढे आले, गळ्यातला हात सांभाळत, आणि म्हणाले, बाई, पत्र्यावर चोवीस असेल, पण प्रत्यक्षात तेवढं भरत नाही, आणि त्यातून आत्ता बघा, निम्म्या माश्या हवेत आहेत, हवेतल्या माशीचं वजन ट्रेलरवर कसं धरता? मला वाटलं जमीन दुभंगावी आणि मी काकांना तिच्यात ढकलावं. हॅस्किन बाई शांतपणे म्हणाली की मी पत्रा वाचते, माश्या मोजत नाही.

पण काकांचं एक खरं होतं. माश्या हवेत होत्या! गाडी चालत असली की वारा लागतो, माश्या पेटीत गप्प असतात. गाडी उन्हात उभी राहिली की त्या बाहेर. आणि आमची जाळी किती जुनी, तर माझ्या बारशाच्या वेळची, तिला इतकी भोकं की जाळीच भोकांना धरून होती. पाच मिनिटांत आवारात ढग. पलीकडे दोन ट्रकवाले कॉफी पीत उभे होते, ते केबिनमध्ये शिरले, काचा वर केल्या आणि तिथूनच कॉफी पीत बघत बसले, नाटक बघावं तसे. काट्याच्या खोलीतल्या कारकुनाने दाराच्या फटीत टॉवेल कोंबला. आणि हॅस्किन बाई? मला वाटलं पळाली. पळालीच ती! पण आली परत, हातात पाण्याचा लांब पाइप घेऊन, टोपीवरून पडद्याचं कापड ओढलेलं, आणि इतक्या लांब उभी राहून, मान दुसरीकडे वळवून, पेट्यांवर बारीक फवारा सोडायला लागली. एका हाताने फवारा आणि दुसऱ्या हाताने कागदावर आमचे दोष. सात झाले, आठ झाले... फवारा थांबला नाही आणि लिहिणंही थांबलं नाही. हॅस्किन बाईचं भलं होवो, मी असं काम करणारं माणूस पाहिलेलं नाही.

मग पाइप माझ्या हातात देऊन ती ट्रेलरखाली शिरली. माश्यांना घाबरणारी बाई! खालून तिचा आवाज आला की मागच्या आसाची ब्रेकची वायर कोणी बांधली. काका म्हणाले, मी. कशाने? पेंढ्या बांधायच्या सुतळीने. बरं, असं म्हणून ती पुढे सरकली. आता बघा, ट्रेलर चालत्या गाडीपासून सुटलाच तर त्याचे ब्रेक आपोआप लागावेत म्हणून पुढे एक छोटी डबी असते, तिच्यात बॅटरी. हॅस्किन बाईने डबी उघडली. बॅटरी नव्हती. डबीत काय होतं सांगू? सूर्यफुलाच्या बिया! खारवलेल्या, दोन पाकिटं! आजोबा म्हणाले, तिथे दमट होत नाहीत.

हसू नका. म्हणजे हसा, पण मला तेव्हा हसू आलं नाही. कारण हॅस्किन बाई बाहेर आली, गुडघे झटकले आणि मला म्हणाली की इथून दहा मैलांवर उतार आहे आणि उताराखाली रस्ता खणलाय, सकाळपासून गाड्या तिथे एकदम थबकतायत. एवढंच म्हणाली. ओरडली नाही, काही नाही. मी मनात हिशेब केला. उतार, मी, मागे चोवीस हजार पौंड, सुतळी आणि बिया. पुढे थांबलेल्या गाड्यांची रांग. त्यातल्या एखादीत लहान मुलं. मी पिकअपच्या पायरीवर बसले आणि पाइप माझ्याच बुटात सोडला. अहो, त्या क्षणी मला ती बाई, तिचं मलम, तिची टोपी, सगळं आवडायला लागलं.

तर काट्यावरच्या एका ट्रकवाल्याने काकांना गावात नेलं, बॅटरी आणली, वायर आणली, त्यानेच जोडूनही दिली, डोक्यावर पोतं घेऊन. त्याचंही भलं होवो. ब्रेक झाले. पण लायसनचं काय? हॅस्किन बाईने सांगितलं, अ वर्गाचं लायसन असलेला माणूस स्टिअरिंगवर बसेपर्यंत हा ट्रेलर इथून हलणार नाही. आजोबा म्हणाले, माश्या मरतील. ती म्हणाली, मला ठाऊक आहे, म्हणून तर पाणी मारतेय, पण उत्तर तेच.

आजोबा उठून ट्रेलरपाशी गेले. जाळी वर केली आणि एका पेटीला कान लावला. मीही गेले, दुसरीला लावला. आवाज बदलला होता. नेहमीची गुणगुण नाही, वरच्या पट्टीतली, दमलेली... पंख हलवून हलवून पेटी थंड करायची धडपड. अजून तीन तास असंच राहिलं असतं तर आतलं मेण मऊ पडलं असतं, आणि मग संपलंच. आजोबांचा कान पेटीला, डोळे मिटलेले, आणि ओठ हलत होते. मला फार राग होता हो त्यांचा. पण मला पेटीला कान लावायला शिकवलं ते याच माणसाने, मी सहा वर्षांची असताना. राग तसाच राहिला आणि मायाही वाटायला लागली, दोन्ही एकदम. हे फार गैरसोयीचं असतं.

आणि तेवढ्यात आत्या आली. छोटी गाडी आवारात वळली, खाली उतरली, मांडीवरचे पावाचे तुकडे झटकले, ढगाकडे बघितलं, आजोबांकडे बघितलं, आणि विचारलं की काय झालं. मी एका दमात सांगितलं. आत्याने ऐकून घेतलं. मग पर्स उघडली. आत्याची पर्स म्हणजे... रुमाल, दुकानाची सवलतीची कुपनं, चर्चमधल्या गाण्यांची वही, चष्म्याचं घर, दुसरं चष्म्याचं घर, आणि त्या दुसऱ्या घरातून तिने एक कार्ड काढलं आणि हॅस्किन बाईच्या हातात ठेवलं. पाठोपाठ डॉक्टरचा दाखला.

अ वर्ग. चालू. अठरा वर्षांपासून!

आजोबांनी कार्ड डोळ्यांपाशी धरलं. लांब धरलं. हे कधी, म्हणाले. तर आत्या अगदी हळू म्हणाली, बीटाच्या हंगामात. आमच्याकडे पूर्वेला बीट निघतं तेव्हा पंधरा दिवस साखर कारखान्याला ट्रक चालवणारे लागतात, पैसे बरे देतात. आत्या दर ऑक्टोबरला पंधरा दिवस तिच्या मावसबहिणीकडे शेवया करायला जायची, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. अठरा वर्षं शेवया!

"मग त्या शेवया?" आजोबा म्हणाले.

"दुकानातल्या, पप्पा."

काकांचं तोंड उघडं राहिलं, कारण दर नाताळात ते त्या शेवयांची स्तुती करायचे, म्हणायचे की हाताच्या शेवयांची सर कशाला येत नाही. मी विचारलं, आत्या, अगं मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? तर म्हणाली, कोणी विचारलं नाही, आणि पाटीबद्दल बोलायचं नसतं ना.

हॅस्किन बाईने कार्ड परत दिलं, आत्याशी हस्तांदोलन केलं, आणि तिला, आत्याला हो, मॅडम म्हणाली. आमच्या आत्याला! मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. दंडाचा कागद आजोबांच्या नावाने फाडला, माझ्या नावाने नुसती लेखी ताकीद, आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, तुझा हात चांगला आहे, कडेला गाडी कशी घेतलीस ते मी पाहिलं, शिकून घे आणि ये परत या रस्त्याने. हॅस्किन बाईचं भलं होवो, तिच्या मुलाबाळांचं भलं होवो, तिच्या पाइपाला कधी पाणी कमी न पडो!

निघालो. आत्या स्टिअरिंगवर, मी तिच्या शेजारी. आजोबा आणि काका मागून छोट्या गाडीत, काका एका हाताने चालवतायत आणि जेलीचं भांडं आजोबांच्या मांडीवर. वारा लागला, माश्या गप्प झाल्या. मी काच खाली करून ऐकत होते, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. खणलेल्या रस्त्यापाशी रांग थबकली, आत्याने ब्रेक दाबला, आणि एवढा मोठा ट्रेलर मांजरासारखा थांबला.

इथे संपायला हवं होतं. पण आमचे आजोबा! वीस मैलांवर पेट्रोलपंप आला, त्यांनी मागून दिवे मारमारून आम्हाला आत घ्यायला लावलं. खाली उतरले, काकांना घेऊन माझ्या खिडकीशी आले. म्हणाले, आता काटा गेला, पुढचा काटा टेक्सासमध्ये. एल्व्हेरा, तू उतर, तुझी सँडविचं बघ. आणि टॅरिन, तू बस. मी शब्द दिलाय, जो पेट्या नेईल त्याच्या पेट्या. पाटी आहेच दारावर.

आणि आत्या, तुम्हाला सांगते, आत्या पट्टा सोडायला लागली! अठरा वर्षांचं लायसन, आणि हात आपोआप पट्ट्याकडे!

माझ्यासमोर एकशे चव्वेचाळीस पेट्या होत्या. माझ्या राण्या. नुसतं जागेवरून उठून पलीकडे बसायचं होतं, चार फूट. ते डबीतले आजोबा, म्हणजे डबीतल्या बिया, तो उतार, ती पेटीतली दमलेली गुणगुण, सगळं एकदम आठवलं. मी आत्याचा हात धरला आणि पट्टा परत खटकन लावला.

"नाही, आजोबा. मी नाही बसणार. आत्या नेईल टेक्सासला. तुमच्या शब्दाप्रमाणे पेट्या तिच्या झाल्या, मी तिच्याकडे कामाला राहीन. आणि जानेवारीत मी लायसनच्या शाळेत नाव घालतेय. ती पाटी लावायची तर तुमच्या खुर्चीला लावा."

आजोबांनी तोंड उघडलं. मिटलं. काकांकडे बघितलं, तर काका समोर बघत होते. मग दोघे वळले आणि मुकाट्याने छोट्या गाडीत जाऊन बसले. काय वाटलं म्हणून सांगू! मनात म्हटलं, हॅस्किन बाई, तुमचं भलं होवो, आज या घरात पहिल्यांदा कोणीतरी निरुत्तर झालं.

आणि मग आत्याने आरसे पुसले. उतरून सगळी चाकं बघितली. परत चढली. परत आरसे पुसले. रस्त्याला लागली आणि वेगाचा काटा पंचेचाळीसवर आणून ठेवला. पंच्याहत्तरच्या रस्त्यावर पंचेचाळीस! आम्हाला शाळेची बस मागे टाकून गेली. एक ट्रॅक्टर, शप्पथ सांगते, बराच वेळ आमच्या बरोबरीने चालला. टेक्सासचा मुक्काम अजून साडेचारशे मैल. मी काही बोलायला तोंड उघडलं, आत्याने शांतपणे माझ्याकडे बघितलं... आणि मीसुद्धा गप्प बसले.